सुईच्या तपासाचा कागद

प्रिय खारू,

रविवारी येऊ नकोस. काल फोनवर मी तुला ये म्हणालो होतो, ते मागे घेतो. तुझा दादा बोललेला शब्द मागे घेतोय हे वाचून तू पाकिटावरचं अक्षर पुन्हा एकदा निरखशील. अक्षर माझंच आहे. उद्या सकाळी हे रजिस्टर करणार आहे, म्हणजे गुरुवारी तुझ्याच पोस्टात येईल आणि तुझ्याच काउंटरवर सही करून तुला घ्यावं लागेल. पार्सलं तोलून तोलून तुझा हात इतका तयार झालाय की आत पत्राखेरीज आणखी काहीतरी आहे हे पाकीट उचलताच तुझ्या लक्षात येईल. पण क्रमाने वाच. गोष्टीचं शेवटचं पान आधी उघडायची तुझी खोड जुनी आहे. या वेळी तेवढी आवर.

तू जे सांगितलंस ते मी फोन चालू असतानाच लिहून घेतलं. उजव्या जबड्याखाली, हाडाच्या कडेपासून एक बोट आत, वाटाण्याएवढी गाठ. दाबली तर दुखत नाही, बोटाखाली सरकते. तीन आठवडे झाले. ताप नाही, घाम नाही, दाढ दुखत नाही. हे सगळं तू पत्ता वाचून दाखवावा तसं घडाघडा सांगितलंस आणि मग हसून म्हणालीस, मास्तर डॉक्टरकडे चल म्हणून हात धुऊन मागे लागलेत, पण मी त्यांना म्हटलं, तुम्ही आपली शिवण बघा, आधी माझ्या दादाची बोटं लागू देत, दादा काही नाही म्हणाला तर काही नाही. वर हेही ऐकवलंस की ज्या नवऱ्याला घरातला एक कागद सांभाळता आला नाही त्याने मला दवाखाना शिकवू नये. पाठीमागून मास्तरांचा आवाज मला ऐकू आला. बरं बाई, तुझा दादा म्हणेल तसं, एवढंच ते म्हणाले आणि त्यांचं मशीन सुरू झालं. मी ये म्हणालो, फोन ठेवला आणि स्वतःच्या उजव्या हाताची बोटं बघत बसलो. या बोटांचं मोठं कौतुक मी स्वतःच करत आलो आणि तुला करायला लावलं.

तुझं नाव खारू मी ठेवलं ते तुला आठवतं का? शेंगदाणे दिले की तू एकदम गिळायची नाहीस, दोन्ही गालांत साठवून ठेवायचीस, आणि आईने विचारलं की तोंड मिटून मान हलवायचीस. बाबा गेले तेव्हा तू सहावीत होतीस आणि मी दहावीत. परीक्षेला बसायच्या ऐवजी मी इस्पितळाच्या तपासणी विभागात काचा धुवायला लागलो. काच म्हणजे ती बोटभर पट्टी, जिच्यावर माणसाच्या शरीराचा इवलासा तुकडा ठेवून दुर्बिणीतून बघतात. दोन वर्षं मी नुसत्या काचा धुतल्या. पण धुण्याआधी प्रत्येक काच उजेडाकडे धरून बघायची सवय लागली, आणि बघितलं की त्याचं नाव काय हे कळल्याशिवाय चैन पडेना. रद्दीतून डॉक्टरांची जुनी पुस्तकं आणली. इंग्रजी कुठे येत होतं मला! शब्दकोश तुझ्या शाळेचा, शोधणारी तू आणि रेघ मारणारा मी. एके संध्याकाळी तू लिंफ हा शब्द शोधलास आणि त्याचं मूळ लॅटिनमध्ये स्वच्छ पाणी असं आहे म्हणून वाचून दाखवलंस. तुला ते इतकं आवडलं की आठवडाभर पाण्याच्या पेल्याला तू लिंफच म्हणत होतीस. आई म्हणायची, या दोघांना वेड लागलंय.

तेव्हा मी जो काही झालो त्यात अर्धा वाटा तुझा आहे. तो मी कधी कुणाला सांगितला नाही. सगळीकडे सांगितलं ते एवढंच की मी कुणापाशी शिकलो नाही, कुठल्या कॉलेजची पायरी चढलो नाही, आणि तरीही या इस्पितळात माझ्यासारखा तुकडा कापणारा दुसरा नाही. ते खोटं नाही. ऑपरेशनमधून आलेला तुकडा औषधी पाण्यात मुरवायचा, त्यातलं पाणी काढायचं, मेणात बसवायचा, आणि मग पात्याने त्याचा इतका पातळ पापुद्रा काढायचा की एका केसाच्या जाडीत वीस पापुद्रे मावावेत. कोमट पाण्यावर तो पापुद्रा तरंगतो, आणि एक सुरकुती न पडता तो काचेवर उचलायचा. माझ्या काचेवर सुरकुती सापडली तर मोठ्या मॅडम, म्हणजे आमच्या विभागाच्या मुख्य डॉक्टर, चष्मा काढून पुन्हा बघतात. त्यांना वाटतं चष्म्याचंच काहीतरी चुकलंय.

माझं चुकायला सुरुवात झाली ती एका वहीपासून. मॅडमकडे काचा पाठवायच्या आधी मी स्वतः त्या दुर्बिणीखाली बघायचो. ते माझं काम नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. एका छोट्या वहीत डाव्या बाजूला माझं निदान लिहायचं, मॅडमचा रिपोर्ट आला की उजव्या बाजूला त्यांचं. जुळलं की बरोबरची खूण. दहातल्या नऊ ओळींवर खूण असायची. मॅडमना ही वही ठाऊक होती. त्या थट्टेने म्हणायच्या, तुमचं लिहून झालं असेल तर मी बघू का? त्या थट्टेवर मी वर्षानुवर्षं छाती फुगवून फिरलो. एवढं मात्र माझ्या लक्षात आलं नाही की माझं चुकलं तर खोडायला मॅडम होत्या आणि मॅडमचं चुकलं तर त्यांना झोप लागत नव्हती. माझ्या वहीत जबाबदारी नावाचा रकानाच नव्हता.

चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठव. तुझ्या गणवेशाच्या नव्या शर्टाचं माप घेताना मास्तरांना टेपखाली मानेच्या डाव्या बाजूला काहीतरी लागलं. तुला काहीच जाणवत नव्हतं. दुखत नाही ते दुखणं कसलं, असं म्हणून तू उडवून लावलंस, पण मास्तरांनी धोशा लावला आणि तुला इथे माझ्याकडे घेऊन आले. मी गाठ चाचपली. रबरासारखी, हलणारी, हरभऱ्याएवढी एक आणि तिच्या खाली आणखी एक. मी मॅडमना सांगून सुईचा तपास करून घेतला. बारीक सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढायच्या आणि काचेवर पसरायच्या, एवढाच तो तपास. काचा मी रंगवल्या, वाळवल्या आणि मॅडमच्या आधी दुर्बिणीखाली घेतल्या. लहान पेशी, मधल्या पेशी, मधूनमधून मोठ्या, सगळ्या मिसळलेल्या. जंतू शिरले की अंगातल्या गाठी अशाच सुजतात. मी वहीत डाव्या बाजूला लिहिलं, साधी सूज. आणि त्यावर न थांबता बाहेर बाकावर बसलेल्या तुला येऊन सांगितलं, काही नाही, खुशाल जा. मास्तरांनी विचारलं, कागद? मी म्हणालो, कागद काय, मी आहे ना. तू त्यांच्याकडे बघून अशी हसलीस की बिचारे स्वतःच्या चपला बघायला लागले.

आता जे सांगतोय ते मला त्या दिवशीही माहीत होतं. पुस्तकात त्या ओळीखाली मी दोनदा रेघ मारलेली आहे. तुझ्या आजाराला सगळे लिंफोमा म्हणतात, पण ते नुसतं आडनाव झालं. त्या आडनावाची पन्नासच्या वर घरं आहेत. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या ज्या पेशी असतात, त्यांतल्या बी नावाच्या पेशी बिघडल्या की यांतली बरीचशी घरं उभी राहतात. एक घर जठराच्या अस्तरात बिऱ्हाड करतं, एक इतकं घायकुतीचं की दोन-तीन दिवसांत दुप्पट होतं, आणि एक इतकं सोशिक की वर्षानुवर्षं शेजाऱ्यालाही कळू देत नाही. हे सोशिक घर ओळखायचं तर गाठीची आतली मांडणी बघावी लागते. निरोगी गाठीत पेशींचे गोल पुंजके असतात, लहानमोठे, ऐसपैस बसलेले. या आजारात तेच पुंजके एकसारखे होतात आणि पाठीला पाठ लावून गाठ गच्च भरून टाकतात. सुईतून पेशी येतात, मांडणी येत नाही. चार विटा हातात दिल्या तर वीट भाजकी की कच्ची ते सांगता येईल, घराच्या भिंती कुठे होत्या ते कसं सांगणार? म्हणून अख्खी गाठ काढून बघावी लागते. हे शाळा सोडलेल्या मला कळत होतं, खारू. पण तुझ्यासमोर दोन मिनिटांत उत्तर देता येणं मला त्याहून मोठं वाटलं.

त्यानंतर दोन वर्षं तू आनंदात होतीस. दीड महिन्यात तुझा फोन आला की गाठ निम्मी झाली, दादा, तू म्हणालास तसंच. सोशिक प्रकारात गाठी आपोआप कमी-जास्त होतात, हेही त्याच पुस्तकात होतं. मी ते पान उघडलं नाही. पुढे गाठ पुन्हा आली, मग काखेत एक आली. मी फोनवरच सांगितलं की जुन्या सुजेचे कोंब राहतात असे. मग एक दिवस मास्तरांचा फोन आला. त्यांनी मला आपणहून केलेला तो पहिला आणि शेवटचा. तुला हे त्यांनी सांगितलं नसणार. ते म्हणाले, दादा, रागवू नका, पण मी हिचे शर्ट शिवतो. गळा तेराचा साडेतेरा झालाय, कॉलरचं बटण लागत नाही, आणि कंबर चार महिन्यांत दोनदा आत घेतली. गळा वाढतोय आणि कंबर उतरतेय असं माप मी तीस वर्षांत कुणाचं घेतलं नाही. शिवाय पहाटे उशी पिळून काढावी इतकी भिजते. एवढा बोलला तो अबोल माणूस. आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, मास्तर, तुमची टेप इंचात मोजते, माझं यंत्र मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजतं. त्यावर ते म्हणाले, हो, तेही खरंच आहे.

वजन उतरणं, पहाटेचा घाम, कारण नसताना ताप, ही तीन लक्षणं कुठल्याही पुस्तकात या आजाराच्या पहिल्या पानावर असतात. त्यांतली दोन एका शिंप्याने मला मापासकट सांगितली होती. पार्सलचा ग्रॅम न् ग्रॅम तोलणाऱ्या तुला स्वतःचं वजन उतरलेलं कळलं नाही, कारण तुझा तराजू माझ्याकडे होता.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण निम्मंच. मानेची गाठ सहा आठवड्यांत अंड्याएवढी झाली, ताप आला, मास्तर तुला उचलून गाडीत घालून इकडे घेऊन आले. अख्खी गाठ काढली ती माझ्याच टेबलावर आली. तिचा एक तुकडा ताजा ठेवून पेशी मोजायच्या यंत्राकडे पाठवला, बाकीचा मी कापला. सुरकुती पडली नाही. तुझ्या गाठीवरही माझा हात हलला नाही याचा मला तेव्हा अभिमान वाटला, आता त्याची शिसारी येते. एका दिवसात काचा तयार करून मी मॅडमसमोर ठेवल्या. दोघांना एकदम बघता येईल अशी आमच्याकडे एक दुर्बीण आहे, तिच्या एका बाजूला मॅडम, दुसऱ्या बाजूला मी. सगळीकडे मोठ्या मोठ्या, दांडगट पेशींची गर्दी. बी पेशी ओळखायचा खास रंग दिला आणि शेत पेटावं तसं सगळं तपकिरी झालं. मॅडम काच हळूहळू सरकवत गेल्या आणि एका कोपऱ्यात थांबल्या. तिथे ते गोल पुंजके होते, पाठीला पाठ लावून. तो जुना, सोशिक आजार. कुठेही न जाता तो तिथेच बसून होता, आणि त्याच्यातूनच हा नवा दांडगा उठला होता. मॅडमनी दुर्बिणीतला खूण दाखवायचा बाण त्या कोपऱ्यावर आणून ठेवला.

मग त्यांनी विचारलं, दोन-अडीच वर्षांपूर्वी यांची सुई झाली होती ना? मी तेव्हा लिहिलं होतं, गाठ काढून बघा म्हणून.

खारू, इथे थोडं थांब आणि पाणी पी.

त्यांनी लिहिलं होतं. तू खुशाल घरी गेलीस त्याच्या तिसऱ्या दिवशी तो कागद माझ्या हातात आला. त्यात होतं की सूज असण्याची शक्यता जास्त, परंतु सुईच्या तपासात संथ प्रकारचा लिंफोमा नाही असं सांगता येत नाही, चार आठवड्यांत गाठ गेली नाही किंवा वाढली तर पूर्ण गाठ काढून तपासावी. तो कागद तुला पाठवायचा होता. मी तो पात्यांच्या डब्याखाली खणात ठेवला. माझं होतं काही नाही, मॅडमचं होतं सांगता येत नाही, आणि तुला मी माझं सांगून बसलो होतो. चार आठवडे बघू, मग सांगू, असं मनाशी म्हटलं. मग गाठ कमी झाल्याचा तुझा फोन आला आणि मला वाटलं की मी मॅडमवर मात केली. त्या वहीत एवढी एकच ओळ अशी आहे जिची उजवी बाजू मी कोरी सोडली.

आणि मॅडमनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं ते ऐक. मी म्हणालो, हो मॅडम, कागद त्यांच्या घरी पाठवला होता, पण त्या लोकांनी मनावर घेतलं नाही. त्या लोकांनी! माझी सख्खी बहीण आणि मेहुणे, ती लोकं झाली एका दमात. मॅडमनी विश्वासाने तसं रिपोर्टात लिहिलं आणि ते तुझ्या फाइलमध्ये गेलं. चार दिवसांनी रक्ताच्या डॉक्टरांनी फाइल उघडून मास्तरांना तुझ्यादेखत झापलं. लेखी सल्ला दिला होता, अडीच वर्षं काय करत होतात, बायकोच्या जिवाचं काही वाटतं की नाही, असं बरंच काही. मास्तरांनी एकदा डॉक्टरांकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर गाड्या लावायची जागा होती, त्यात अकरा गाड्या होत्या. मी त्या मोजल्या. मास्तर खालच्या मानेने म्हणाले, माझ्याकडूनच कुठेतरी राहिला असेल कागद.

त्या दिवसापासून ते कागद शोधताहेत. तू मला किती वेळा हसत, चिडत सांगितलंस. मापांच्या वह्या उलगडून बघतात, दुकानातली कापडं काढून त्यांच्या घड्या झटकतात, तुझी ट्रंक उपसतात, मशीनचा खण काढून उलटा करतात. वेड लागलंय त्यांना, म्हणालीस. आता शोधून काय उपयोग, तेव्हा सांभाळला असता तर? सहाही वेळा औषध चढवताना मी तुझ्या उशाशी होतो, संत्री सोलून देत होतो, आणि तू नर्सबाईंना सांगत होतीस, हा माझा दादा, याने एका दिवसात काचा केल्या म्हणून मी वाचले. मास्तर दाराबाहेर स्टुलावर बसलेले असायचे. तुझे केस गेले तेव्हा त्यांनी मऊ कापडाच्या सात टोप्या शिवल्या, शिवण टोचू नये म्हणून बाहेरच्या बाजूने. त्या तू घातल्यास, पण त्यांच्याकडे न बघता. चौदा महिने झाले तुझा स्कॅन स्वच्छ येऊन, आणि चौदा महिने तुमच्या घरात एक माणूस न केलेल्या गुन्ह्याचा पुरावा शोधतोय.

आज सकाळी मी मॅडमच्या खोलीत जाऊन हे सगळं सांगितलं. खरं तर आधी तुला सांगायला हवं होतं. पण फाइलमधली ती ओळ दुरुस्त झाल्याशिवाय पत्र लिहायचं नाही असं ठरवलं होतं. मॅडमनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि मग ती ओळ खोडून खाली खरं काय ते लिहिलं, तारीख घालून सही केली. माझ्या नोकरीचं काय ते वरच्या साहेबांशी बोलून ठरवतील. मी निघालो तशा त्या म्हणाल्या, तेव्हा कळलं असतं तरी कदाचित लगेच औषध दिलं नसतं, या संथ प्रकारात पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात, आणि लक्ष ठेवूनही काहींचं असं बदलतंच. बाई मनाच्या मोठ्या आहेत, माझ्या डोक्याखाली उशी सारत होत्या. मी ती घेतली नाही. लक्ष ठेवणं म्हणजे दर तीन महिन्यांनी कुणीतरी तुझी मान बघणार, वजन करणार, घाम येतो का विचारणार. मास्तरांच्या टेपचं कुणीतरी ऐकून घेणार. तू अंड्याएवढी गाठ घेऊन तापात इथे आली नसतीस. यातलं मी तुला काहीच मिळू दिलं नाही. तुझ्या आयुष्यावर लक्ष ठेवायचं सोडून मी माझ्या शब्दावर लक्ष ठेवून बसलो.

आता हे का लिहिलं ते सांगतो. ही नवी गाठ दाढेमुळे असेल, साध्या सर्दीची असेल, जुन्या आजाराची असेल. माझ्या मनात काय येतं ते मी लिहिणार नाही. वहीसुद्धा बंद केली. तुला माझ्या बोटांवर जेवढा भरवसा आहे तेवढा या जगात कशावर नाही, आणि तो शाबूत राहिला तर तू रविवारपर्यंत थांबशील, माझं तोंड बघशील, आणि मला पुन्हा तुला खूश करावंसं वाटेल. मी स्वतःला ओळखतो. म्हणून तो भरवसाच मोडायला हे पत्र लिहिलं. शुक्रवारी सकाळी साडेनऊची वेळ मी रक्ताच्या डॉक्टरांकडे घेऊन ठेवली आहे. तपासून त्यांनी गाठ काढायची म्हटलं तर अख्खीच काढू दे, सुईवर भागवू नकोस, आणि रिपोर्टाचा कागद स्वतःच्या हातात घे. काचा दुसरं कुणीतरी करेल, मी त्या आठवड्यात रजेवर आहे. माझ्याशी बोलायचं की नाही ते नंतर ठरव, घाई नाही. पण शुक्रवारी मास्तरांबरोबर जा, आणि जाण्याआधी त्यांच्या टेपने तुझा गळा आणि कंबर मोजून घे, डॉक्टरांना सांगायला लागेल. पाकिटात पिवळी पडलेली चौकोनी घडी आहे. तिच्यावर पात्यांच्या डब्याचा गंजाचा डाग आहे, बाकी अक्षर न् अक्षर शाबूत आहे. तुझी वाचून झाली की ती मास्तरांच्या हातात दे. मशीन चालू असेल तर थांबव. त्यांना सांग, कागद सापडला, तो तुमच्या घरात कधी आलाच नव्हता.

अजूनही म्हणू देशील तर तुझाच,
दादा